बिनविरोध

"नलिनीला पाठवू," दादासाहेब गव्हाणे म्हणाले. "ती स्वतः दारात गेली तर तो अर्ज मागे घेईल. माणूस आहे शेवटी तोही."

बैठकीतलं हे माझ्याविषयीचं बोलणं मी आतल्या खोलीत बसून ऐकत होते. मधल्या दाराला पडदा होता. पडद्याच्या अलीकडे मी, माझ्या सासूबाई आणि चहाची भांडी. पलीकडे पक्षाची माणसं, माझा धाकटा दीर सुरेश आणि मतदारसंघाचा सगळा हिशेब. अर्ज मागे घ्यायची मुदत परवा दुपारी संपत होती.

माझे यजमान रणजितराव थिटे आमच्या भागाचे आमदार होते. दुसऱ्यांदा निवडून आले होते. दिवाळीच्या तोंडावर जिल्ह्याची बैठक आटोपून येताना घाटात त्यांची जीप उलटली, आणि दवाखान्यात न्यायच्या आधीच सगळं संपलं. पोटनिवडणूक जानेवारीत लागली. दादासाहेब पक्षाचे जिल्ह्यातले सर्वांत वडीलधारे. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी याच बैठकीत ठरवलं की उमेदवारी मला द्यायची. मला ते कळलं सुरेशभाऊजी सहीसाठी कागद घेऊन आत आले तेव्हा.

"सही तेवढी करा, वहिनी," ते म्हणाले. "बाकी बघायला आम्ही आहोत."

मी सही केली. लग्नाआधी दोन वर्षं मी कन्याशाळेत शिकवलं होतं. त्यानंतर दहा वर्षांत माझ्या हातून कुठल्या कागदावर सही व्हायचा प्रसंग आला नव्हता. त्या दिवसांत मला कुणी विहिरीवर चल म्हटलं असतं तरी मी उठून गेले असते.

विरोधी पक्षाने रणजितरावांच्या आठवणीला मान देऊन उमेदवार न द्यायचं जाहीर केलं. वर्तमानपत्रांनी त्याचं कौतुक केलं. निवडणूक बिनविरोध होणार म्हणून सगळे निर्धास्त झाले होते. पण शेवटच्या दिवशी कचेरी बंद व्हायच्या सुमारास एक अर्ज आलाच. अपक्ष. ॲडव्होकेट भागवत केकाण, राहणार सावरमाळ.

सावरमाळ हे आमच्या मतदारसंघाच्या डोंगरपट्ट्यातलं गाव. खाली नदीकाठची काळ्या जमिनीची गावं आमची. वर डोंगरात मुरमाड जमीन, पाणी नाही. तिथली माणसं दिवाळी झाली की घराला कुलूप घालून ऊसतोडीला जात, ती थेट उन्हाळ्यात परत येत. त्या गावातला एक मुलगा शिकून तालुक्याच्या कोर्टात वकिली करत होता, तो हा केकाण. त्याचा अर्ज आल्याची बातमी पसरली आणि लोक खवळले. बाईच्या कपाळावरचं कुंकू पुसून तीन महिने झाले नाहीत आणि हा तिच्याविरुद्ध उभा राहतो, असं जो तो म्हणू लागला. कुणी तरी त्याच्या ऑफिसच्या पाटीला शेण फासलं. बाररूममध्ये त्याच्या शेजारी कुणी बसेना, असंही कानावर आलं. शेवटी तो गाव गाठून राहिला होता.

"मुलीला बरोबर घ्या," पडदा जरा बाजूला करून सुरेशभाऊजींनी मला सांगितलं. "आणि फार बोलू नका. हात जोडायचे फक्त."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पुढे ड्रायव्हर आणि भाऊजी, मागे मी आणि मृणाल. ती तेव्हा सात वर्षांची होती. घाट चढेपर्यंत ती माझ्या मांडीवर झोपून गेली. डांबरी रस्ता संपला, मग खडी संपली, आणि सावरमाळच्या अलीकडे एका ओढ्यापाशी जीप थांबली. पुढे चालतच जावं लागणार होतं.

"उचलून घ्या तिला," भाऊजी म्हणाले.

"झोपू दे," मी म्हटलं. "तुम्ही थांबा तिच्यापाशी. मी जाऊन येते."

त्यांना ते आवडलं नाही. पण मुलीला एकटीला टाकून येणंही त्यांना जमेना.

गावात शिरले तेव्हा पहिल्यांदा वाटलं, इथे काही तरी घडून गेलंय. एकामागून एक घराला कुलूप. अंगणांत सारवण नाही, चुलींचा धूर नाही. एका कट्ट्यावर तीन-चार म्हातारी माणसं उन्हाला बसलेली. त्यांच्या भोवती लहान मुलं. म्हातारा म्हणावा किंवा मूल म्हणावं, यांच्या मधल्या वयाचं माणूस मला दिसलं नाही. मी इतकी वर्षं या मतदारसंघाच्या आमदाराची बायको होते. हे गाव आमच्यात येतं हे मला माहीत होतं. असं असतं हे माहीत नव्हतं.

केकाणचं घर मी विचारायच्या आधीच एका म्हातारीने हात केला. त्यांच्या आई, गयाबाई, दारात तुरी निवडत बसल्या होत्या. मला बघून त्या उठल्या. मी कोण हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी पाण्याचा तांब्या आणून दिला, घोंगडी अंथरली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. तीन महिन्यांत माझ्याशी खूप माणसं बोलली होती. पाठीवरून हात कुणी फिरवला नव्हता. मला रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं.

भागवत केकाण आतून आले आणि बाजूला उभे राहिले. रणजितरावांच्याच वयाचे असतील. बारीक अंगाचे, दाढी वाढलेली. माझं रडणं थांबेपर्यंत त्यांनी वाट बघितली. मग खाली बसले.

"तुम्ही येणार हे मला माहीत होतं, वहिनी," ते म्हणाले. "पाठवतील असं वाटलंच होतं. मी तुमच्याकडं यायला पाहिजे होतं. पण मला तुमच्या घरात कुणी शिरू दिलं नसतं."

मी म्हटलं की मलाही तुमच्याशी काय बोलावं हे कळत नाहीये.

"मग मी बोलतो. ऐकायला कडू लागेल." त्यांनी आईकडे एकदा बघितलं. "रणजितराव पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा त्यांच्यासाठी मी या सगळ्या वाड्या पायी फिरलोय. ते इथं आले होते. तुम्ही बसलात तिथंच बसले होते. आईच्या हातची भाकरी खाल्ली. परत येतो म्हणाले."

"आले नाहीत?"

"नाही आले." ते म्हणाले, "ते वाईट नव्हते, वहिनी. मी त्यांना ओळखायचो. त्यांनी मुद्दाम काही केलं नाही. त्यांना आमची गरज पडली नाही, एवढंच. आमची माणसं मतदानाला इथं नसतात. खालच्या गावांवर निवडून येता येतं. मग वर कशाला यायचं?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. गेलेल्या माणसाविषयी त्याच्या बायकोसमोर कुणी असं बोलतं का? पण मला आठवलं, दुसऱ्या निवडणुकीच्या वेळी जेवताना भाऊजींनी विचारलं होतं, वरच्या गावांत सभा घ्यायची का? रणजितराव हसून म्हणाले होते, कुणापुढे घ्यायची, शेळ्यांपुढे? आम्ही सगळेच हसलो होतो. मीही वाढता वाढता हसले होते.

"तुमच्याशी माझं भांडण नाही," केकाण म्हणाले. "मला निवडून यायचंय असंही नाही, आणि मी येणारही नाही. पण निवडणूक होते तेव्हा निदान एकदा तरी कुणाला तरी आमच्याकडं मत मागायला यावं लागतं. बिनविरोध झाली तर तेवढंही नाही. कागदावर सही झाली की संपलं. आमचा आमदार कोण हे आम्हाला बाजारात कळणार."

गयाबाई तुरीच्या सुपाकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "भागवत, ते सांग की."

"सांगतो." केकाणांनी मान खाली घातली. "आईनं मला एक शपथ घातलीय. त्या घरची बाई दारात आली आणि तिनं पदर पसरला, तर तिला रिकामी लावायची नाही. मी आईला शब्द दिलाय. तुम्ही नुसतं म्हणा, वहिनी. मी आत्ता तुमच्याबरोबर येतो आणि अर्ज काढून घेतो. मागून एक शब्द बोलणार नाही."

गयाबाईंनी तुरीचं सूप बाजूला सारलं.

मला त्या घराची भिंत आठवते. ती मातीने पोतारलेली होती आणि त्यावर बोटांचे फराटे दिसत होते. बाहेर एक शेळी ओरडत होती. एक शब्द बोलायचा होता. तो मला पाठ करून दिलेला होता. हात जोडायचे होते, तेही सांगून ठेवलेलं होतं. मी तोंड उघडलं आणि गयाबाईंना म्हटलं, "तुमचे बाकीचे कुठे आहेत?"

"थोरला आन् सून कारखान्यावर हाईत," त्या म्हणाल्या. "कोल्हापूरच्या बाजूला. नातवंडं माज्यापाशी."

"कधी येतील?"

"आखितीला." म्हणजे अक्षय्यतृतीयेला.

मी तांब्यातलं उरलेलं पाणी प्यायले आणि उठले. केकाण माझ्याबरोबर उठले. चपला घालायला लागले, ते तालुक्याला यायच्या तयारीनेच. मी म्हटलं, "तुम्ही बसा, वकीलसाहेब. मी भेटायला आले होते."

त्यांनी चपला काढून ठेवल्या. गयाबाईंनी मला वाटेला लावताना हळदीकुंकवाचा करंडा हातात घेतला आणि परत ठेवला. मग माझ्या ओंजळीत तुरी घातल्या आणि वर दोन्ही हात ठेवले.

जीपपाशी मृणाल उठून भाऊजींबरोबर ओढ्यातले खडे गोळा करत होती. भाऊजींनी लांबूनच विचारलं, "काय म्हणाला?"

"मी विचारलंच नाही," मी म्हटलं.

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा ते माझ्याशी बोलले नाहीत. घाट उतरेपर्यंत नाही आणि घरी पोचल्यावरही नाही. दादासाहेबांनी मात्र मला बैठकीत बोलावलं. त्या खोलीत सगळ्यांसमोर मी त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीवर बसले. दादासाहेब रागावले नाहीत. दुःखाने बाईचं मन ठिकाणावर नाही असं त्यांनी धरलं आणि मला समजावून सांगितलं. उद्या दुपारपर्यंत वेळ आहे, पुन्हा जाऊन ये, म्हणाले. मी म्हटलं, मी जाणार नाही. जी काय मतं मागायची ती मी लोकांकडे मागेन.

"पोरी, तुला मतं मागायला जायची वेळ येऊ नये म्हणून तर मी हे करतोय," ते म्हणाले. त्यांना ते मनापासून वाटत होतं. मला त्यांचा आजही राग नाही.

मुदत संपली. निवडणूक लागली.

पुढचे दिवस मी फिरले. गावोगाव जीपमधून उतरायचं, लोकांनी माझ्याकडे बघून डोळ्याला पदर लावायचा, दादासाहेबांनी रणजितरावांचं नाव घ्यायचं, आणि मी हात जोडायचे. पहिल्या काही सभांत मी एवढंच केलं. मग एका गावात एका बाईने मला विचारलं, तुम्ही निवडून आल्यावर काय करणार? मी तिलाच उलट विचारलं, काय करू? त्यानंतर मी विचारायला लागले. शाळेचं काय, दवाखान्याचं काय, पाणी कुठून आणता. दादासाहेबांना वेळ मोडतो म्हणून त्रास व्हायचा. वरच्या गावांतही मी गेले. तिथे सभा होण्याइतकी माणसंच नव्हती. मी कट्ट्यांवर म्हाताऱ्यांपाशी बसले.

मागे काय चाललंय ते मला कळत होतं. विरोधी पक्षाला आता उमेदवार देता येत नव्हता, पण त्यांची माणसं गुपचूप केकाणांना मिळाली. आमच्यातही सगळं ठीक नव्हतं. सुरेशभाऊजींची माणसं घरी बसली. बाई ऐकत नाही, असं त्यांच्यात बोललं जात होतं. आणि केकाण स्वतः मतदारसंघात नव्हतेच. ते कारखान्याकारखान्यावर, उसाच्या फडांत, मजुरांच्या झोपड्यांच्या कोप्यांवर फिरत होते.

मतदानाच्या दिवशी मी खाली थांबावं असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मी सकाळी खाली मत दिलं आणि सावरमाळला गेले. शाळेत मतदान होतं. दहा वाजेपर्यंत तिथे कुणी नव्हतं. अधिकारी टेबलाशी बसून होते, पोलीस झाडाखाली. मला वाटलं, एवढं करून काही झालं नाही.

मग ओढ्याच्या पलीकडे धूळ दिसली. ट्रक होते, ट्रॅक्टर होते, मागे उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या. ओढ्यापाशी सगळी माणसं उतरली आणि चालत वर आली. रात्रभर प्रवास केलेली माणसं. बायकांच्या कडेवर पोरं, अंगावर उसाची कुसळं. ती आधी आपापल्या घरी गेली नाहीत. सरळ शाळेपुढे येऊन रांगेत उभी राहिली. म्हातारे कट्ट्यावरून उठून त्यांच्याकडे गेले. कुणी पोरांना उचलून घेत होतं, कुणी आईच्या पाया पडत होतं, आणि पुन्हा येऊन रांगेत आपली जागा धरत होतं. ती रांग शाळेला वळसा घालून मागच्या शेतात गेली.

मी बाजूला उभी होते. रांगेतली एक तरुण बाई माझ्याकडे बघत होती. हातभर कापल्याच्या खुणा. ती शेजारणीला जागा धरायला सांगून माझ्याकडे आली.

"तुमी थिटेबाई ना?"

मी हो म्हटलं.

"मत तुमाला न्हाई देणार, बाई. भागवतभाऊला देणार. राग मानू नका."

"नाही मानणार."

"माजं लगीन झाल्यापासून मी मत दिलं नव्हतं. दर टायमाला फडातच असतो आमी." ती जरा घुटमळली. "तुमी त्याला बसवलं न्हाई. बसवलं असतं तर मुकादमानं कशाला सोडलं असतं आमाला?"

एवढं बोलून ती पळत रांगेत गेली. पुढे सरकलेली जागा तिला परत मिळाली.

मी हरले. फार मतांनी नाही, पण हरले. मतमोजणीच्या ठिकाणी केकाण गुलाल न लावून घेता माझ्यापाशी आले आणि हात जोडून उभे राहिले. तेही निवडून येऊ असं धरून चालले नव्हतेच. मी त्यांना म्हटलं, गयाबाईंना नमस्कार सांगा.

घरी आले तेव्हा पुढचं अंगण मोकळं होतं. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून मी ते अंगण माणसांशिवाय कधी बघितलं नव्हतं. भाऊजी कुठे तरी निघून गेले होते. मृणाल झोपली होती. सासूबाई स्वयंपाकघरात माझी वाट बघत बसल्या होत्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. मुलगा गेल्यापासून त्या फार बोलत नसत. त्यांनी मला ताट वाढलं आणि समोर बसल्या.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तू त्या दिवशी त्याला म्हणाली असतीस, तर त्यानं अर्ज काढला असता?"

ही गोष्ट मी तोवर कुणालाच सांगितली नव्हती. मी विचारलं नाही एवढंच घरात माहीत होतं; विचारलं असतं तरी केकाण हटले नसते, असंच सगळे धरून चालले होते.

"काढला असता, आत्याबाई. त्यांनी तसं मला सांगितलं होतं. चपला घालून तयार होते."

रणजितरावांची गादी, घरातली वर्दळ, सुरेशभाऊजींचं पुढचं सगळं, त्या एका शब्दावर होतं, हे त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"मग म्हणाली का नाहीस?"

त्यांना सांगायला मी कितीतरी कारणं जुळवली असती. सावरमाळची कुलपं सांगितली असती. पण खरं जे होतं तेच तोंडातून आलं.

"त्या गावाला कधी कुणी काही विचारलं नाही, म्हणून ते उभे होते. ते बोलत होते आणि मला वाटत होतं, मी उभी राहते का, हे मला तरी कुणी विचारलं? मी तिथे हात जोडले असते तर तेच मी त्या गावाच्या बाबतीत केलं असतं."

आत्याबाईंनी तुपाची वाटी पुढे ओढली. मग ताटातल्या आमटीत तुपाची धार सोडून म्हणाल्या, "मला आजवर कुणी काहीच विचारलेलं नाही." त्यात तक्रार नव्हती. त्यांच्याही ते आत्ताच ध्यानात आल्यासारखं त्या म्हणाल्या. "जेव. निवतंय."

भागवत केकाण एकदाच निवडून आले. त्यांनी सावरमाळपर्यंत रस्ता नेला आणि ऊसतोडीच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. बाकी पुष्कळ राहिलं. पुढच्या निवडणुकीत सुरेशभाऊजी उभे राहिले आणि जिंकले. मी कन्याशाळेत परत रुजू झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. पुन्हा कधी उभी राहिले नाही. कुणी उभी राहा म्हटलंही नाही.

आत्याबाई त्यानंतर बारा वर्षं होत्या. एकदा बैठकीत भाऊजींच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरत होतं. मुलाकडची माणसं आली होती, सुपाऱ्या काढून ठेवल्या होत्या, दादासाहेबही मुद्दाम आले होते. आत्याबाई पडदा बाजूला करून चौकटीत येऊन उभ्या राहिल्या. त्या खोलीत पुरुषमाणसं असताना त्या कधी आल्या नव्हत्या.

"तिला विचारलंत का?" त्या म्हणाल्या.

आत्याबाई आत वळल्या नाहीत. उत्तर येईपर्यंत त्या चौकटीतच उभ्या राहिल्या.